परातीतली सरकी

सोमवार, ७ एप्रिल २०२५

पोचलो बापा एकदाचे! कारंज्याहून सकाळी निघालेला टेम्पो जेवणाच्या वेळेला पिपरी मेघेत दारापाशी लागला. वाटेत तुळशीची कुंडी तेवढी तडकली, बाकी बिऱ्हाड शाबूत. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यावर कडुनिंबाची सावली. मालकीणबाई आनंदाबाई मागच्या बाजूला राहतात. आल्या आल्या त्यांनी माठातलं पाणी दिलं अन् विचारलं, माणसं दोन आणि हे एवढे खोके कायचे? मी म्हटलं, बाई, कारंज्यात चाळीस वर्षं माइकसेट भाड्यानं दिला. दुकान मोडलं, हौस काही मोडत नाही. त्यांचा कुत्रा भुऱ्या पहिल्या दिवशीच माझी चप्पल घेऊन गेला. म्हणजे ओळख झाली.

इथं येण्याचं कारण शकुंतलेचा गळा. गाठ निघाली आहे. साधीच आहे म्हणतात, पण काढावी लागेल. ६ मेची तारीख मिळाली. दवाखाना इथून जवळ, म्हणून हे बिऱ्हाड. डॉक्टर म्हणाले, जिवाला काही नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही. घोगरा होईल, नाहीतर बसेलच. तर ही हसून मला म्हणे, चला, तुमच्या कानाले आराम.

मला हसू आलं नाही. तिच्या मायकडच्या ओव्या आता तिच्याशिवाय कोणालाच येत नाहीत. तेव्हा ठरवलं आहे, ६ मेच्या आत तिच्या ओव्या पक्क्या रेकॉर्ड करायच्या. धनंजयनं पुण्याहून त्याचा जुना लॅपटॉप पाठवला आहे. त्यातलं मी व्हिडिओ पाहून पाहून शिकलो. पोरगा फोनवर म्हणे, बाबा, तुमी तं इंजिनिअर झाले. झालो खरा.

गुरुवार, १० एप्रिल

आज पहिली ओवी धरली. माइक कपाटात गोधड्यांच्या मध्ये बसवला, म्हणजे भिंतींचा घुमारा येत नाही. शकुंतला म्हणे, मले काऊन कपाटात घालून राह्यले, चोरी केली का म्या? पण एकदा डोळे मिटले अन् लागली गायला:

आंब्याखाली थांबजो भाऊ, ऊन उतरू देजो,
माह्या मायच्या दारचं पाणी पिऊन मंग जाजो.

‘थांबजो’ म्हटलं की ती श्वास घेते. अगदी ऐकू येईल असा, उन्हातून सावलीत आलेलं माणूस घेते तसा. मग ‘भाऊ’. मी तिथं पेटीचा एकच सूर धरून ठेवतो. लग्न झाल्यापासून आमचं असंच चालत आलं आहे.

ऐकलं तर मागं कूलरची घरघर, भुऱ्याचं भुंकणं आणि आनंदाबाईंच्या कुकरची शिट्टी. कूलर बंद करावा तर या उन्हात माणूस भाजून निघेल.

संध्याकाळी वायर घ्यायला दुकानात गेलो. तिथं गजेंद्र म्हणून एक भला माणूस भेटला. चाळिशीचा असेल, घरीच स्टुडिओ आहे त्याचा. मी काय करतो आहे ते सांगितलं. तो म्हणे, काकाजी, घरचे लोक वाहवाच करते. रविवारी दुपारी आमच्या मंडळात आणून ऐकवा. आमी सारे गाणारे-वाजवणारेच. भजनात मागून साथ धरणारे झीलकरी राहते ना, तसे आमी ऐकणारे, कानकरी. तोंडदेखलं कोणी बोलत नाई.

मला हेच तर पाहिजे होतं. आपल्याच मिक्सला आपण छान म्हणायचं म्हणजे आपल्याच पाठीवर आपणच थाप मारल्यासारखं आहे.

रविवार, १३ एप्रिल

मंडळ नत्थूजींच्या मागच्या खोलीत भरतं. नत्थूजी मोठे तबलजी, माझ्याहूनही म्हातारे. खोलीच्या चारही भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. आत बोललं की शब्द तोंडाबाहेर पडतो अन् तिथंच मरतो.

त्यांची रीत वेगळीच. सगळे भिंतीकडे तोंड करून बसतात, गाणाऱ्याकडे पाठ. का, तर तोंड पाहिलं की भीड पडते. प्रत्येकाच्या मुठीत सरकी. मध्ये पितळेची परात. चूक ऐकू आली की मागं न पाहता खांद्यावरून एक सरकी टाकायची. सरकीला वजन ते काय, पण त्या खोलीत परातीत पडली की टक् असं कानात शिरतं. एकही सरकी परातीबाहेर पडत नाही.

माझी ओवी लावली अन् टक् टक् सुरू झालं. कूलरला टक्. भुऱ्याला टक्. शिट्टीला तर सगळ्यांनी मिळून. संपल्यावर नत्थूजी भिंतीकडे पाहूनच म्हणाले, हे गाणं हाय का आर्वीचा बाजार? मनकर्णाबाई पेटीवर गातात म्हणे. त्या म्हणाल्या, बाजारात तरी मालाचा भाव कळते, इथं काय विकून राह्यले तेच समजून नाई राह्यलं. मग हसले. हसण्याचाही आवाज तिथंच मेला.

वाईट वाटलं, कशाला खोटं लिहू. पण बोलले ते खरंच होतं. कडू कारलं पोटाला गोड. गजेंद्रनं मशीनमध्ये घरघर, भुंकणं, शिट्टी कशी धुऊन काढायची ते दाखवलं. त्यांचा एक नियम आहे: सुधारलेलं साठवलं की जुनं त्यांच्यासमोर पुसायचं. मागचं ठेवलं की माणूस मागंच राह्यते, असं नत्थूजी म्हणतात. भजनी मंडळात वाढलेला माणूस मी, वडीलधाऱ्याच्या शब्दाला नाही म्हणायची सवय नाही. पुसलं.

बुधवार, १६ एप्रिल

ओवी स्वच्छ झाली आहे. चिंचेनं घासलेल्या तांब्यासारखी.

एक गंमत झाली. कूलर चालू आहे, वारा येतो, पडदा हलतो, पण आवाज नाही. मला वाटलं, बेअरिंग बसलं जागेवर. मग ओट्यावर भुऱ्या दिसला. गाईवर भुंकत होता. मान हिसडत होता, जबडा उघडत होता, पण आवाज काही नव्हता. कानात मळ झाला असेल म्हणून तेल टाकून घेतलं. तेवढ्यात आनंदाबाई करपलेली डाळ दाखवायला आल्या. म्हणे, भाऊजी, कुकरची वाफ तं निघते, पण शिट्टीच वाजत नाई, कसं समजावं मले? त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं.

म्हणजे कान ठीक आहेत.

रविवार, २० एप्रिल

आज लॅपटॉप घेऊन पुन्हा गेलो, आठवडाभरात धरलेल्या पंधरा ओव्या त्यात. बाहेरच्या आवाजाला एकही सरकी पडली नाही. मला बरं वाटलं. चहा मिळेल असं वाटलं होतं, पण इथं कोणी चहा देत नाही.

मग शकुंतलेच्या बांगड्यांना टक्. आणि मग ‘थांबजो’नंतर सगळ्या मुठी एकदम सुटल्या. परात नुसती तडतडली. मी विचारलं, इथं काय चुकलं? मनकर्णाबाई म्हणाल्या, तुमच्या बाईचा श्वास. गाणं ऐकाचं का बाईची धाप ऐकाची? गजेंद्र म्हणाला, काकाजी, आजकाल सारेच कापते. पडद्यावर श्वासाची रेघ बारीक दिसते, तेवढी काढजा.

मी म्हटलं, तो श्वासच तर गोड आहे. फक्त एक सरकी पडली, टक्. माझ्या बोलण्याला.

नत्थूजी मग नरमाईनं बोलले. हे झालं की पुढच्या रविवारी तुमाले भिंतीपाशी जागा देतो, तुमी आता आमच्यातलेच. अडुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला कोणी गुणीजनांत बसवतो म्हटल्यावर काय होतं ते देवालाच ठाऊक. तिथंच बसून आधी बांगड्या धुऊन काढल्या, मग एकेक श्वास निवडला अन् कापला, गव्हातले खडे निवडावे तसा. मोकळी जागा ओढून बुजवली. पंधराही ओव्या त्यातच होत्या. जुनं त्यांच्यासमोर पुसलं.

मंगळवार, २२ एप्रिल

पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. चूक काढायला जागा नाही. पण ऐकताना मलाच दम लागतो. आंब्याखाली थांबजो भाऊ म्हणते, आणि थांबत मात्र कुठंच नाही.

शकुंतलेच्या हातातल्या बांगड्या वाजत नाहीत. भाकरी थापताना पाहत होतो. तिला सांगितलं नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

सकाळपासून ती बोलते आहे. आधी मला हसू आलं. वांग्याच्या भाजीवरून सुरू झालं ते आमच्या लेकीवर, हर्षावर गेलं, सूनबाईच्या नोकरीवरून नातवावर, तिथून तिच्या मायच्या गोठ्यावर, मध्ये कुठं विरामच नाही. म्हटलं, अवं, दम तं घेजो. तर माझ्याकडे पाहिलं अन् बोलतच राहिली.

दवाखान्यात तपासायला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, झटकली, दुसरी मागवली. तीही झटकली. बोटाला लावलेल्या चिमट्यात आकडा बरोबर आला, म्हणून ते म्हणाले, ठीक आहे, ६ तारखेला या. पण जाताना मागं वळून तिच्या छातीकडे पाहत होते.

मीही घरी येऊन पाहिलं. पदर हलत नाही.

शनिवार, २६ एप्रिल

ती झोपली असता नाकापाशी हात धरला. काही नाही. आरसा धरला. आरसा लख्ख.

मेलेली नाही. हात कोमट आहे. डोळे उघडते, माझ्याकडे पाहून हसते. नुसता श्वास नाही.

जुनं परत आणायचा खटाटोप केला. धनंजयला फोन लावला, पुसलेलं निघते का रे? तो म्हणे, वरून दुसरं साठवलं असेल तं नाई निघत, बाबा, पुन्हा रेकॉर्ड करा ना. खरंच की, म्हटलं. तिला कपाटापुढं बसवलं. गायला लागली. ‘थांबजो’ आलं आणि गेलं. पहिल्या ओवीला दुसरी जोडली, दुसरीला तिसरी. सगळ्या संपल्या तर पुन्हा पहिली. मी माइक काढला, तरी गातच होती. डोळ्यांतून पाणी. ओवीच्याच चालीत मला म्हणाली, अवो मले थांबता येऊन नाई राह्यलं.

तिच्या तोंडावर हात ठेवला तेव्हा थांबली. माझा हात, तिच्या तोंडावर.

रविवार, २७ एप्रिल

मंडळात गेलो. परत द्या म्हटलं. हात जोडले. सगळे भिंतीकडेच. माझ्या प्रत्येक शब्दाला सरकी, टक्, टक्. मी ओरडलो तर मूठभर पडली. मग बोलायचं थांबून नुसता उभा राहिलो.

तेव्हा लक्षात आलं. या खोलीत इतक्या वेळा आलो. इतकी शांत खोली की सरकी पडलेली ऐकू येते. आणि एवढ्या माणसांचा श्वास मी कधीच ऐकला नाही.

बाजूनं जाऊन नत्थूजींकडे पाहिलं. छाती दगडासारखी. डोळे उघडे, गादीत रुतलेले. मनकर्णाबाई न वळता म्हणाल्या, सुरुवातीले जड जाते, मंग सवय पडते, माह्याबी घरी असंच झालं होतं. गजेंद्र दारात होता. त्यानं भिंतीपाशी टाकलेली नवी चटई दाखवली. तिच्यावर सरकीची एक मूठ. म्हणे, काकाजी, जागा झाली तुमची.

पळालो. चप्पल तिथंच राहिली. डांबर पायाला चिकटत होतं, तेही कळलं नाही.

मंगळवार, २९ एप्रिल

सुचलं.

कापलेल्या जागी दुसरं काही चिकटवता येतं. तिचा श्वास नाही तर माझा. माइकपुढं बसलो, एक लांब श्वास घेतला, धरला. ओवीत पहिल्या ‘थांबजो’पुढं जागा केली, तिथं बसवला. साठवलं.

आतल्या खोलीतून आवाज आला. उन्हातून सावलीत आलेल्या माणसाचा.

धावत गेलो. तिचा पदर एकदा वर आला, खाली गेला. एकदाच. पण आला! मला म्हणाली, अवो, असे घामाघूम काऊन झाले तुमी? तिच्या कपाळाला कपाळ लावून बसलो. माझ्या छातीत मात्र पोकळ वाटतं, पायरी चुकल्यासारखं. असू दे.

गुरुवार, १ मे

रोज थोडे थोडे बसवतो. जिथं जिथं कापले होते, तिथं तिथं. शकुंतला आता थांबून थांबून बोलते. आज पोटभर जेवली. बांगड्या अजून वाजत नाहीत, न वाजोत.

मला ओटा चढवत नाही. रेकॉर्ड केलेला श्वास मला परत येत नाही. जो दिला तो दिला. डाव्या हातानं टेकून लिहितो आहे.

सगळ्या ओव्या भरतील का? तेवढे असतील का माझ्याजवळ? तिचं ६ तारखेपर्यंत निभलं पाहिजे. त्यानंतरही.

शनिवार, ३ मे

ते आले आहेत.

भर दुपारी. आनंदाबाईंनी दार उघडून दिलं, तुमचे मंडळवाले आले म्हणे. पुढच्या खोलीत आहेत. चारही भिंतींकडे तोंडं. मधोमध आमचीच परात, शकुंतलेची, कणीक मळायची.

मी आत श्वास बसवला की बाहेर टक्. आणि बसवलेला निघून जातो. पडद्यावरची रेघ माझ्या डोळ्यांदेखत सपाट होते. नत्थूजींचा आवाज भिंतीतून आला — दुसऱ्याचा श्वास हाय हा, बेसूर हाय, चालत नाई —

चालते. मी पुन्हा बसवतो. ते काढतात. मी पुन्हा —

त्यांच्या मुठीतली सरकी संपत का नाही?

शकुंतला खाटेवर. पदर हलतो, थांबतो. हलतो —

रविवार, ४ मे

समजलं. उशिरा समजलं.

त्यांना जोड ऐकू येतो. तुकडा लावला की शिवण दिसते. तुकडे नाही द्यायचे. एकच द्यायचा, पहिल्या ओवीपासून शेवटच्यापर्यंत, सगळ्यांच्या खालून जाईल असा. मी धरत होतो ना तो पेटीचा सूर, तसा. जोडच नाही तर टाकतील कशावर.

पण तेवढा लांब म्हणजे — माझ्याजवळ आहे तेवढा सगळाच.

धनंजय, हे वाचशील तर ती फाइल पुसजो नको. तुझ्या मायचं ऑपरेशन होऊ दे. आवाज घोगरा झाला तरी होऊ दे. कोणी म्हटलं सुधारतो, तरी देजो नको. कोणालाच ऐकवजो नको.

लाल बटण दाबलं आहे. सोडतो आहे, हळूहळू. लिहिता येतं अजून. बाहेर एकही सरकी पडत नाही. ऐकत आहेत सगळे —

साठवलं.

पदर हलतो. हलतो. आपोआप हलतो —

बाहेर चटई ओढल्याचा आवाज. माझी चटई. नाही जाणार. इथंच, खाटेपाशी —

छाती गार. दुखत नाही. काहीच नाही तिथं.

उठली शकुंतला. बसली. माझ्या छातीवर हात ठेवून पाहते. म्हणते, अवो, तुमी काऊन श्वास नाई घेऊन रा